पान उलटेपर्यंत

बैठक वाचनाच्या खोलीत नको, जेवणाच्या टेबलाशी घेऊ, असं आत्याने दोनदा सुचवून पाहिलं. काकाने ऐकलं नाही. "ज्या खोलीचं काय करायचं ते ठरवायचंय, त्याच खोलीत बसू ना ताई," तो म्हणाला आणि स्वतःच खुर्च्या उचलून आत नेऊ लागला. तिन्ही भावंडांत धाकटा असल्याने खुर्च्या उचलायची त्याला लहानपणापासून सवय होती, आणि हट्ट करायचीही.

आत्याची अडचण खुर्च्यांची नव्हती, उजेडाची होती. जेवणाच्या टेबलावरचा दिवा मंद होता. तिथे कुणाला काही वाचता आलं नाही तर खापर दिव्यावर फोडता आलं असतं. वाचनाच्या खोलीत ती सोय नव्हती. इथला दिवा थोरल्या भावाच्या, दादाच्या तक्रारीवरून बदलला होता, मग पुन्हा बदलला होता, दर वेळी आधीपेक्षा मोठा. शेवटचा दिवा लावला त्या दुपारी भिंतीवरचे पोपडेसुद्धा उठून दिसायला लागले. "हां, आता कसं!" दादा म्हणाला, आणि प्रूफ उलटं धरून बसला. आत्याने ते त्याच्या हातातून काढून घेतलं. "थांब, एक पान मागेपुढे झालंय," म्हणाली, आणि सुलटं करून परत दिलं.

त्याच्या नजरेच्या मधोमध काहीतरी धूसर साचत चाललं होतं, हे तिने पुढे हळूहळू ताडलं. कडेचं त्याला दिसत होतं. जिना तो नीट उतरायचा, माणसं चालीवरून ओळखायचा, चहा न सांडता ओतायचा. फक्त ज्यावर नजर रोखावी तेवढंच नाहीसं व्हायचं.

या घराच्या प्रकाशनाचा एक रिवाज होता. मोठ्याने वाचल्याशिवाय एकही पुस्तक छापायला जात नसे. आत्या हस्तलिखित हातात घेऊन वाचायची, विरामचिन्हांसकट. स्वल्पविरामाला 'स्वल्प', पूर्णविरामाला 'टिंब', परिच्छेद बदलला की 'नवा'. समोर दादा प्रूफ धरून, पेन्सिल सरसावून ऐकायचा आणि चूक दिसली की खूण करायचा. शेवटच्या पानावर तो 'छापा' असं लिहून सही करायचा, की मग यंत्रं सुरू. वडिलांनी घालून दिलेली ही पद्धत दोघांनी अखंड चालवली होती.

आता ती अशी चालत होती. आत्या आदल्या दिवशी आपल्या खोलीत एकटी बसून प्रूफ ताडून बघायची आणि सगळ्या खुणा स्वतः करायची. वाचताना हस्तलिखिताच्या पोटात प्रूफाची एक प्रत दडवून ठेवायची. त्याच्या हातातलं पान जिथे संपायचं तिथे ती लांब श्वास घ्यायची. तो श्वास ऐकला की दादा पान उलटायचा. याबद्दल दोघांत एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं.

तिला हे संपायला हवं होतं. घसा बसत चालला होता, आणि खोटं बोलण्यापेक्षा खोटं वाचणं जास्त दमवतं असं तिला वाटू लागलं होतं. पण ते असं, सगळ्यांच्या देखत, चहाचे कप हातात धरून संपायला नको होतं. 'छापा' म्हणणारा माणूस हीच दादाची या घरातली जागा होती. ती गेली की तो कुठे बसणार, हे तिला माहीत नव्हतं.

*

टिंबूने पडद्यावर चौकोन दाखवले. टिंबू म्हणजे दादाची मुलगी. या टेबलाखाली खेळत ती वाढली, आणि आई किंवा बाबा म्हणायच्या आधी 'टिंब' म्हणाली. आता ती मोठी झाली होती, परीक्षांमागून परीक्षा देऊन संगणकाचं शिकून आली होती, पण नाव काही सुटलं नव्हतं.

"इथून हस्तलिखित आत येतं," ती म्हणाली. "हाताने लिहिलेलं असलं तरी चालेल, ते वाचून घेतं. इथे लेखन तपासलं जातं. ही पानांची मांडणी. ही टिपा आणि सूची. पुस्तकाची पाठ किती जाड हवी ते पानांवरून आपोआप ठरतं. आणि इथून फाइल सरळ छापखान्यात."

"आणि माणसं?" काकूने विचारलं. काकू काकाची बायको. हिशेब आणि विक्री तिच्याकडे होती, आणि घरातल्या सगळ्यांची फिरकी घेणंही. "माणसं कुठल्या चौकोनात बसवलीस? का आम्ही टिपांमध्ये?"

"काकू, तू सूचीत. प्रत्येक पानावर सापडतेस."

काकूला हे आवडलं. काका मात्र मुद्द्यावर आला. "हा लाल चौकोन बघा. मागचं पुढचं सगळं धावतंय आणि इथे येऊन गाडी उभी. वाचन. एका पुस्तकाला जेवढा वेळ लागतो त्यातला निम्मा इथे जातो. लेखक मला विचारतात, अहो, झालं का वाचून? मी काय सांगू, माझ्या बहिणीचा घसा बसलाय म्हणून?"

"घशावर जाऊ नकोस," आत्या म्हणाली.

"कौतुकानेच म्हणतोय ताई. आमच्या लग्नात शुभेच्छा वाचून दाखवल्यास, 'सुखी भव उद्गार' म्हणालीस! लोक अजून विचारतात."

हसू फुटलं. दादाही हसला, पण लगेच गंभीर झाला. "हे बघ, बाकी सगळं यंत्राला द्या, माझी ना नाही. पण मोठ्याने वाचल्याशिवाय पुस्तक या घरातून बाहेर पडणार नाही. आणि हेच तिचंही म्हणणं आहे." त्याने आत्याच्या दिशेला मान वळवली. आत्या कपातल्या चहाकडे बघत राहिली.

टिंबूला हाच क्षण हवा होता. "बाबा, मला ठाऊक होतं तू हे म्हणशील. म्हणून वाचन काढलेलंच नाही. फक्त आत्याला सुट्टी दिलीये. गेल्या वर्षभर मी तिचं वाचन ध्वनिमुद्रित करत होते, तिला सांगूनच. त्यातून आवाज तयार केलाय. हस्तलिखित तो वाचेल. तू नेहमीसारखा प्रूफ धरून बस."

"माझा आवाज?" आत्याने विचारलं.

"तुझाच. स्वल्प-टिंबासकट. फक्त स्वच्छ केलाय. खोकला, पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज, असलं सगळं काढलंय. आणि मध्येमध्ये तू खूप लांब थांबायचीस, ते कापलं. त्यानेही बराच वेळ वाचला."

आत्याने कप बशीत ठेवला.

"आत्ताच बघू या," टिंबू म्हणाली. "पूल बांधणाऱ्या त्या साहेबांच्या आठवणींची पहिली काही पानं. बाबा, हे प्रूफ. एक सांगते, चाचणी म्हणून मी त्यात मुद्दाम काही चुका पेरल्यात. तुला किती सापडतात बघू."

"टिंबू," आत्या म्हणाली, "आज नको. मला जरा बरं नाही वाटत."

"तुला काहीच करायचं नाहीये आत्या. नुसती ऐक."

"पण मी म्हणते, आजच कशाला—"

"दे गं," दादा म्हणाला आणि हात पुढे केला. त्याच्या आवाजात आव्हान नव्हतं. असलंच तर कुतूहल होतं. त्याने प्रूफ घेतलं, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या, पेन्सिल उचलली आणि मान थोडी तिरकी केली. टिंबूने हे काही वर्षं पाहिलं होतं. तिला ती ऐकणाऱ्याची ऐट वाटायची.

*

काका दादाच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला, शाळेत मास्तरांच्या मागे उभं राहावं तसा. आपल्या योजनेची चाचणी त्याला जवळून बघायची होती.

आवाज सुरू झाला. ताईचाच होता, फक्त तरुणपणातला. "नदीला पाणी कमी होतं स्वल्प म्हणून पायाचं काम आम्ही लवकर सुरू केलं टिंब." काकाला एकदम वडील आठवले, ही खोली आठवली, दारातून हाकलून दिलेलं आठवलं. वाचन चालू असताना आत यायची त्याला परवानगी नसायची. ही दोघं इथे बसायची आणि तो गल्लीत चेंडू खेळायचा. पुढे तो छापखाना बघू लागला तरी आपण या दाराबाहेरचेच, असं त्याला वाटत राहिलं. लाल चौकोनावर त्याचा राग होता तो काही नुसत्या वेळेसाठी नव्हता. हे त्याला आत्ता कळलं, आणि आवडलं नाही.

दादाची पेन्सिल ओळींच्या वरून सावकाश सरकत होती. पहिल्या पानावर एका शब्दात काना पेरलेला होता. पेन्सिल त्याच्यावरून निघून गेली. आवाज पुढच्या पानावर गेला. दादा पहिल्याच पानावर होता.

"दादा, पान," काका म्हणाला. "पुढे गेली ती."

"हं," म्हणत दादाने चटकन पान उलटलं. पेन्सिल पुन्हा वरपासून सरकू लागली. आवाज तोवर पानाच्या मध्यावर होता. तिथे टिंबूने सबंध ओळ उडवली होती. मधली जागा पडलेल्या दातासारखी मोकळी होती. आवाजाने ती ओळ वाचली, आणि दादाने मान डोलावली.

"अरे दादा, काय हे!" काका हसत म्हणाला. "अख्खी ओळ गेलीय! ही तर आंधळ्यालाही दिसेल!"

पेन्सिल थांबली. काकाने समोर पाहिलं. ताईने डोळे मिटून घेतले होते. काकूचा कप ओठांशी तसाच राहिला होता. फक्त तो आवाज चालू होता, "दुसऱ्या खांबाजवळ स्वल्प जिथे प्रवाह वळतो स्वल्प."

"बंद कर," आत्या म्हणाली.

टिंबूने बंद केलं.

आपण काय बोललो ते काकाच्या कानांपर्यंत उशिरा पोचलं. त्याने दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो उचलावा की राहू द्यावा हे न कळून तसाच ठेवला. मग घाईघाईने बोलू लागला. "असू दे, असू दे. हे यंत्राचं काही खरं नाही. फार भरभर वाचतं. माणसाने पान कधी उलटायचं? वाचन जसं आहे तसं चालू राहू दे. मला वाटतं ताई आणि दादा, तुम्ही दोघं नेहमीसारखं—"

"तू तर म्हणत होतास गाडी उभी राहते," दादा म्हणाला.

"राहू दे उभी. कुणाला घाई आहे?"

"तुला. सकाळपासून."

"नव्हती रे एवढी," काका म्हणाला, आणि त्याचा आवाज बारीक झाला.

*

टिंबू पडद्याकडे बघत होती. तिथे आत्याच्या मूळ ध्वनिमुद्रणाची रेषा होती, दाट काळी, मध्येमध्ये तुटलेली. तुटलेल्या जागा म्हणजे तिने कापलेले थांबे. कापताना एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती आणि तिने ती तशीच सोडून दिली होती. ते थांबे हस्तलिखिताच्या पानांशी जुळत नव्हते. आत्याच्या हातात हस्तलिखित असायचं. पान उलटायला ती थांबली असती तर तिच्या पानाच्या शेवटी थांबली असती. ती थांबायची प्रूफाच्या पानाच्या शेवटी, जे समोरच्याच्या हातात असायचं आणि तिला दिसायचं कारण नव्हतं.

मोजताना जे नको ते आधी बाजूला काढा, असं तिला शिकवलं होतं. नको ते कोणतं, हे ठरवायची घाई तिने केली होती. सांगण्यासारखं जे होतं ते त्या कोऱ्या जागांमध्येच होतं.

"आत्या," ती हळू म्हणाली, "तू बाबासाठी थांबायचीस."

उत्तर दादाने दिलं.

"हो," तो म्हणाला. त्याने प्रूफ टेबलावर पालथं ठेवलं, पेन्सिल त्यावर आडवी ठेवली. "मला वाटायचं, तिला दम लागतो म्हणून थांबते. सुरुवातीला वाटायचं. मग एकदा लहान प्रकरण होतं, अर्ध्या पानात संपलं, आणि ही तिथेही थांबली. बरोबर अर्ध्या पानावर, दम लागायच्या आत. तेव्हा कळलं."

"तुला माहीत होतं, मला माहीत आहे ते?" आत्याने विचारलं.

"तुला माहीत होतं, मला दिसत नाही ते."

"मग बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

"तू थोरला आहेस," आत्या म्हणाली, आणि एकाएकी तिला राग आला. इतक्या वर्षांचा, साठवलेला. "मी काय म्हणणार होते? दादा, प्रूफ उलटं धरलंयस? मी दर वेळी आदल्या दिवशी सगळं एकटीने तपासायचं आणि दुसऱ्या दिवशी तुझ्यासमोर बसून पुन्हा वाचनाचं नाटक करायचं. चूक आली की म्हणायचं, इथे काही वाटतंय का रे? आणि तू म्हणायचास, हो हो, मी तेच म्हणणार होतो!"

काकूला हसू आवरेना. तिने तोंडावर पदर धरला, पण दादालाही हसू आलं होतं. "अगदी असंच म्हणायचो," तो म्हणाला. "त्यातल्या त्यात मान वाचवत होतो."

"डॉक्टरला दाखवलंत का?" काकूने विचारलं. हे विचारायला हवं होतं आणि तिच्याशिवाय कुणाला सुचलं नव्हतं.

"दाखवलं. बाजूचं राहील म्हणाले. मधलं येणार नाही."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवून गेलं.

"चालेल," काका मग म्हणाला. "काही बदलायचं नाही. सही तूच कर. बाहेर कुणाला कळायचं कारण नाही. टिंबू, तो चौकोन तिथेच ठेव."

"ठेवते," टिंबू लगेच म्हणाली. "मी थांबेही परत घालीन."

"नाही," आत्या म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. यंत्राला सगळ्यात मोठा विरोध तिचाच असणार, असं प्रत्येकाने गृहीत धरलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"काढून टाक तो चौकोन. अक्षराला अक्षर यंत्र जुळवतंय ना? मग जुळवू दे. मी त्याच्या वरून एकदा नजर टाकीन, शांतपणे, मनातल्या मनात. मला आता खोटं वाचायचं नाही." ती दादाकडे वळली. "तुला वाईट वाटलं तरी."

दादाने तिरक्या नजरेने तिच्याकडे पाहिलं. सरळ पाहिलं असतं तर ती दिसली नसती.

"वाईट वाटलंय," तो म्हणाला. "पण बरोबर आहे. 'छापा' म्हणायला अक्षरं दिसावी लागतात. ते आता तू म्हणायचंस. तसं तूच म्हणत होतीस."

"आणि तू?" काकाने विचारलं. हा प्रश्न आत्याचा होता. तिच्याकडून तो विचारला गेला नसता.

दादाने पालथ्या प्रूफावर हात फिरवला. "या पूलवाल्या साहेबांचं तिसरं प्रकरण पहिलं हवं. वाचायला घेतलं तेव्हापासून, दोन महिने मला माहीत आहे. त्यांचे वडील वाहून गेले ते तिथे येतं. ते आधी कळलं असतं तर हा माणूस आयुष्यभर पूलच का बांधत राहिला ते वाचणाऱ्याला दर पानावर कळलं असतं."

"मग सांगितलं का नाहीस?" काका म्हणाला.

"केव्हा सांगू? माझ्या हातात प्रूफ येतं तेव्हा मांडणी झालेली असते, पानं पडलेली असतात. तेव्हा स्वल्प इकडचा तिकडे करता येतो. प्रकरण नाही. वडिलांनी मला शेवटी बसवलं, आणि मी तिथेच बसलो." तो टिंबूकडे वळला. "तुझा तो लाल चौकोन. पुसूच नकोस. तो उचलून सगळ्यात पुढे ठेवता येईल? हस्तलिखित आत जायच्या आधी?"

"येईल," टिंबू म्हणाली.

"मग तिथे मला ऐकवा. हातात काही न देता."

"कोण ऐकवणार?" काकूने विचारलं. "ते यंत्र?"

"यंत्र श्वास घेत नाही," दादा म्हणाला, आणि तेवढंच बोलून थांबला. पुढचं मागायचा आपल्याला अधिकार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

आत्या उठली. कप गोळा करू लागली. सगळे कप ट्रेमध्ये ठेवून झाल्यावर, दाराकडे जाता जाता म्हणाली, "स्वल्प आणि टिंब म्हणणार नाही. आधीच सांगून ठेवते."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत तीच दोन खुर्च्यांची मांडणी होती. मोठा दिवा आत्याने लावला नाही. खिडकीचा उजेड तिच्यापुरता पुरेसा होता. दादाच्या पुढ्यात टेबल होतं आणि टेबलावर काही नव्हतं. आपले हात कुठे ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं. त्याने ते मांडीवर ठेवले, मग टेबलावर, मग पुन्हा मांडीवर. काका दाराशी येऊन उभा राहिला होता.

"आत ये," दादा म्हणाला. चालीवरून ओळखलं होतं त्याने. "खुर्ची आण एक."

काका खुर्ची घेऊन आला. कोपऱ्यात, भिंतीला लावून बसला.

नवं हस्तलिखित एका शिक्षिकेचं होतं, पहिलंच पुस्तक. आत्याने वाचायला सुरुवात केली. पहिल्या दोन वाक्यांनंतर ती अडखळली, कारण टिंब म्हणायचं नव्हतं आणि त्या जागी काय करायचं ते तिला येत नव्हतं. मग तिने नुसतं थांबून पाहिलं. वाक्य खोलीत क्षणभर तसंच राहिलं, आणि खाली बसलं. ती पुढे वाचू लागली. इतकी वर्षं वाचूनही एखादं पुस्तक कशाबद्दल आहे याकडे तिचं लक्ष कधी गेलं नव्हतं. हे एका मुलीबद्दल होतं, जिला वर्गात कुणी प्रश्न विचारत नसे.

पान संपलं. सवयीने तिने लांब श्वास घेतला.

दादाचा उजवा हात मांडीवरून उठला, टेबलावर आला, आणि नसलेल्या पानाचा कोपरा चिमटीत धरायला पुढे गेला. चिमूट रिकामी मिटली. हात तसाच टेबलावर राहिला.

आत्याने ते पाहिलं. त्याचं पान उलटून होईपर्यंत ती थांबली, आणि मग पुढचं पान वाचायला घेतलं.